बोदवडची सव्वा मूठ

सगळी चूक एका ग्लुकोज बिस्किटाची. (नूतनच्या मते बिस्किटाची नाही, ते देणाऱ्याची. पण नूतनच्या मते आमच्या घरात जे जे बिघडतं त्याच्या मुळाशी मीच असतो. अपवाद फक्त मिक्सरचा, आणि त्याचीही चौकशी अजून चालू आहे.)

मार्चमधली सकाळ होती. मी बाहेरच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. जळगावात मार्च लागला की माणूस सकाळी साडेसातपर्यंतच माणसात असतो, पुढे तो नुसता घाम असतो. तेवढ्यात कुंपणावर एक करडी मांजर आली, माझ्याकडे बघत बसली. मी चहात बिस्कीट बुडवलं. ती बघत होती. मी बिस्कीट तोंडाशी नेलं. ती बघतच होती. मला एकट्याला खाताना कुणी बघितलं की गुन्हा केल्यासारखं वाटतं. मी अर्धं बिस्कीट तिच्यापुढे टाकलं. तिनं ते खाल्लं, बरोबर दोन मिनिटं थांबली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आली, दोन मिनिटं थांबली, गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मी तिचं नाव बोदवड ठेवलं, कारण बोदवड स्टेशनावर आमची गाडी नेमकी एवढीच थांबायची.

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात लिपिक आहे. दिवसभर जिल्ह्यातल्या तालुक्यांची टपालं चढवायची, म्हणजे डोक्यात दुसरी नावं येणार कुठून. पुढच्या पंधरवड्यात केळ्याच्या सालीसारखा पिवळा एक बारकेला बोका आला, त्याचं नाव फैजपूर. मग एक काळा, जाड, रुसक्या चेहऱ्याचा बोका आला. येताच त्यानं बाकी दोघांना बाजूला सारलं आणि बशीसमोर मध्यभागी बसला. त्याचं नाव मी जामनेर ठेवलं.

इथे जरा घोळ झाला. नूतनचं माहेर जामनेरचं.

"माझ्या माहेराचं नाव बोक्याला?" नूतन म्हणाली.

"अगं, मी त्याच्या स्वभावावरून ठेवलं."

हे स्पष्टीकरण द्यायला नको होतं, हे मला दोन दिवस वरण मिळालं नाही तेव्हा कळलं. (भात मिळत होता. नुसता.)

बिस्किटांवरून गाडी दुधावर गेली, दुधावरून दूध-पोळीवर. मी ऑफिसातून येताना पिशवी वाजली की तिघं गल्लीच्या तोंडाशी हजर असायची. कॉलनीतली लहानथोर मंडळी मला 'मांजरवाले भाऊ' म्हणायला लागली. मला आत कुठेतरी बरं वाटायचं. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या येण्याकडे कुणी इतकं डोळे लावून बसल्याचं मला आठवत नाही.

पण मांजरांची आवक सुरू झाली की जावक आपल्या हातात राहत नाही. फैजपूर एका गाडीच्या गरम बॉनेटवर झोपला. जामनेर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर, म्हणजे बिबड्यांवर, चालला, आणि ती गाडी व त्या बिबड्या दोन्ही नेमक्या रतिलालभाऊंच्या निघाल्या. रतिलालभाऊ आमच्या नवजीवन कॉलनीचे अध्यक्ष. निवृत्त झाल्यापासून ते कॉलनीकडे असं लक्ष देतात, की पान गळलं तरी झाडाला विचारतात. श्रावण लागता लागता त्यांनी ग्रुपवर सूचना टाकली: येत्या सोमवारी सकाळी सर्व भटकी मांजरं गोणीत भरून, टेम्पोनं गिरणा नदीच्या पलीकडे सोडण्यात येतील. पाळीव असल्यास रजिस्टरात नोंद करावी.

हे रजिस्टर आणि त्याचे नियम मागच्या वर्षी मीच लिहून दिले होते. सुवाच्य अक्षरात, एकूण एकोणीस नियम. त्यातला अकरावा: 'पाळीव म्हणजे जो घराच्या आत राहतो, घरचं खातो आणि ज्याची जबाबदारी कुटुंबप्रमुख घेतो तो.' तेव्हा रतिलालभाऊंनी माझी पाठ थोपटली होती. आता तोच नियम माझ्या आड आला, कारण माझी तिन्ही मांजरं बाहेर राहत होती.

"नूतन, निदान बोदवडला तरी आत घेऊ. त्या जिवाला नदीपलीकडे कोण बिस्कीट देणार?"

"आत मांजर आलं तर मी जामनेरला जाईन. खऱ्या."

मी विषय सोडला. तशात बोदवडचं वजनही फार वाढलं होतं. तिला चालताना पोट सांभाळावं लागायचं. कॉलनीत तक्रारी सुरू झाल्या तेव्हापासूनच, पळापळीची वेळ आली तर ही पहिली सापडेल म्हणून मी तिची बशी महिनाभर अर्धी केली होती. नूतन हे बघून माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायची, पण ती नजर मला सवयीची असल्यानं मी अर्थ विचारला नाही.

त्यातच आबांचा फोन आला. कौतिकआबा माझे चुलते, धुळ्याकडे गावी असतात, आमच्या भाऊबंदकीत वडीलधारे.

"पंडित, औंदा घरना पत्रा काढेल शेतस. कानबाई तुना घर बसाडूत."

गावच्या घराचे पत्रे काढलेले, म्हणून यंदा कानबाई माझ्याकडे. कानबाई म्हणजे आमच्याकडचा श्रावणातला सगळ्यांत मोठा रविवार. नारळाला डोळे, नाक, नथ करून देवी बसवायची, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. आणि रोट, म्हणजे खास मोजलेल्या गव्हाचा देवीचा नैवेद्य. रोटाची रीत कडक असते. घरातल्या भाऊबंदकीत जितके पुरुष, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे. परगावी असलेला धरायचा, पाळण्यातला धरायचा. एक कमी नाही, एक जास्त नाही. तो रोट खायचा फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. आमच्या घरात वर आणखी एक रीत आहे: आबा एकेकाचं नाव घेऊन त्याचा वाटा काढतात, आणि शेवटी परात रिकामी व्हावी लागते.

मूठ मोजायचा मान खरं म्हणजे आबांचा. पण चक्कीवाल्यानं चक्की धुऊन आम्हाला शुक्रवारची वेळ दिली आणि आबांची बस शनिवारची. मग आबा फोनवर म्हणाले, "तू लिखापढीना मानूस. यादी तू कर, मुठी सूनबाई मोजी."

एवढा विश्वास माझ्यावर आमच्या साहेबांनीही कधी टाकला नव्हता. मी तक्ता आखला. अनुक्रमांक, नाव, नातं, शेरा. वर माझी नेहमीची सवय म्हणून 'कुटुंबप्रमुख' लिहिलं. नूतन मूठ टाकत गेली, मी टिक करत गेलो. चोवीस नावं. पुण्यात शिकणारा आमचा स्वप्नीलसुद्धा टिकमार्क करून मोजला. काम इतकं चोख झालं, की मी तक्त्याखाली सही करून तारीखही टाकली.

शनिवारी आबा आले, झुंबरअक्का आल्या (अक्का म्हणजे आबांच्या सौभाग्यवती, आबा बोलतात आणि अक्का ठरवतात), माझा चुलतभाऊ समाधान बायकोपोरांसह आला, बाकी भाऊबंद आले. रविवारी केळीचे खांब बांधले, देवी बसली, पुरणाचा वास गल्लीभर गेला. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली, खीर झाली, रोट झाले. मी ओट्यावर चकरा मारत होतो. उद्या सोमवार. कुंपणावर बोदवड बसून आत बघत होती, आणि तिची दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

आबांनी वाटे काढायला घेतले. ते यादी बघत नाहीत. सगळी भाऊबंदकी त्यांच्या तोंडात असते. प्रत्येकाचं नाव घेत घेत ते शेवटच्या पाळण्यातल्यापर्यंत आले आणि थांबले. परातीत एक वाटा उरला होता.

"हाऊ कोना?" आबा म्हणाले.

आबांनी तो वाटा उचलून सगळ्यांना दाखवला.

"बठ्ठासना व्हई गया. मंग हाऊ वाटा कोना शे?"

आबांनी एकेका पुरुषाकडे पाहिलं. गहू मोजून घेतलेला असतो, देवीच्या नावानं घेतलेला असतो. म्हणजे आबांच्या हिशेबानं आमच्यात आणखी एक पुरुष होता आणि तो कुणीतरी लपवला होता.

"कोना घरमा काही सांगाणं ऱ्हाई गयं व्हई," आबा सावकाश म्हणाले, "ते आतेच सांगी टाका."

"आबा, माले एकच पोऱ्या शे," समाधान पटकन म्हणाला.

"तुमले कोनी इचारं?" त्याची बायको म्हणाली.

"कोनी नई. मी आपलं सांगं."

"मंग पह्यले तुम्हीच काब्र सांगं?"

समाधानचा चेहरा उतरला. तिकडे दुसऱ्या एका भाऊबंदाच्या बायकोनं नवऱ्याच्या नाशिकच्या फेऱ्यांचा विषय काढला. मी हळूच खिशातली यादी काढून वाचली. अनुक्रमांक एक: कुटुंबप्रमुख, पंडित बोरसे. अनुक्रमांक सतरा: पंडित बोरसे. मी स्वतःला दोनदा मोजलं होतं. (ज्याला ऑफिसात एकदा धड कुणी मोजत नाही, त्यानं.) मी तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला.

"अय माय, मांजरनी रोट खाई टाका."

सगळे उठून धावले. स्वयंपाकाच्या ओट्याखाली बोदवड बसली होती आणि तो उरलेला वाटा शांतपणे संपवत होती. आम्ही वाद घालत असताना परात कुणीतरी आत नेऊन ठेवली होती. नूतन शेजारी उभी राहून मन लावून चमचे पुसत होती.

रोट बाहेरच्यानं खाल्ला म्हणजे साधी गोष्ट नव्हती. देवीचं भय होतंच, पण त्याहून मोठं भय हे, की आता आबाच बोदवडला उचलून रतिलालभाऊंच्या गोणीत टाकतील.

"मांजर कोनी शे?" आबांनी विचारलं.

मी ऑफिसात शुद्ध बोलतो, पण आबांसमोर माझी जीभ आपोआप गावी जाते. "आबा, तशी कोनीच नई. मी बिस्कीट देस तिले. उद्या तिले गोणीमा भरी लई जातीन."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मांजरीकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं. मग खाली बसले.

"रोट भाऊबंदबगर कोनी खाई सकत नई," आबा म्हणाले. "यानी खादा. म्हंजे हाऊ आपला भाऊबंद शे. ती जास्तीनी मूठ यानीच व्हती."

सर्वांना इतकं हायसं वाटलं, की समाधाननं बायकोकडे बघून मान ताठ केली. पण त्याला गप्प बसवत नाही. "आबा, मूठ ते मानसासनी ऱ्हास."

"मंग हाऊ मानूस शे."

"पन हाई बोका शे का..."

"मी सांगस ना. बोका शे."

अक्कांनी बोदवडच्या पोटाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणून मीही काही समजलो नाही.

"यादी आन पंडित. नाव लिखाडू."

मी यादी दिली, नाइलाजच होता. आबांनी ती हात लांब करून धरली, कारण चष्मा गावी राहिला होता.

"तू आठे दोनदा शे."

"चूक व्हयनी आबा."

"चूक तुनी, पन हात देवीना," आबा म्हणाले. "दोनपैकी एक तू, एक हाऊ." त्यांनी दोनपैकी एका पंडितवर काट मारली आणि वर लिहिलं: बोदवड. कोणत्या पंडितवर, ते मी आनंदाच्या भरात बघितलं नाही.

जागरणाचं सांगत नाही. सोमवारी सकाळी वाजतगाजत मेहरूण तलावावर विसर्जन करून आलो, हातपाय धुतले, आणि दारात रतिलालभाऊ उभे. एका हातात गोणी, दुसऱ्या हातात रजिस्टर. मागे टेम्पोची घरघर.

"पंडितभाऊ, मांजरं द्या."

मी पुढे होणार होतो (हे मी अजूनही सर्वांना सांगतो), पण आबा माझ्याआधी उंबऱ्यात जाऊन उभे राहिले.

"कोन पाहिजे तुमले?"

"मांजर. करडी."

"ते मांजर नई. हाऊ आमना घरना मानूस शे. कालदिन रोट खादा यानी."

रतिलालभाऊंच्या हातातली गोणी जरा खाली आली. त्यांच्याकडेही कानबाई बसते. रोट खाल्लेल्याला गोणीत भरायचं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

"रोट खाल्ला? मांजरानं?"

"मानसानी," आबा ठासून म्हणाले. "यादीमा नाव शे. पुरुष मानूस शे हाऊ, आमना भाऊबंद."

तेवढ्यात आतल्या खोलीतून अक्कांनी हाक दिली. "आयकं का? तुमना मानूस बाळंत व्हयना. चार पोरं शेतस."

मी आयुष्यात पुष्कळ शांतता अनुभवली आहे, विशेषतः साहेबांच्या केबिनमध्ये. पण इतकी नाही. रतिलालभाऊ आबांकडे बघत होते. आबा टेम्पोकडे बघत होते.

"कानबाईना घरमा," शेवटी आबा म्हणाले, "काय बी व्हस."

रतिलालभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग गोणीची घडी घातली. "बरं. बाळंतिणीला कोण हलवणार. पण तो काळा आणि पिवळा?"

"त्या तिले भेटाले उनात. पाव्हना शेतस."

पाहुण्यांना गोणीत घालण्याची सोय माझ्या एकोणीस नियमांत कुठेच नव्हती. रतिलालभाऊ सुस्कारा सोडून म्हणाले, "निदान नोंद तरी करा."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी आत पळालो. बोदवड कपाटाच्या खालच्या कप्प्यात, माझ्या ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्टांवर पडली होती आणि तिच्या पोटाशी बोटाएवढी चार पिल्लं चुळबुळत होती. नूतननं कोपऱ्यात टोपलीत आपली जुनी सुती साडी घडी करून ठेवली होती. ती तयारी आठवडाभराची दिसत होती. बोदवडला ती पसंत पडली नव्हती, एवढंच.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"कॉलनीत तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं," नूतन म्हणाली. "पोटुशी बाईला महिनाभर अर्ध्या बशीवर ठेवलंत."

"आणि तो रोट?"

नूतननं पिल्लांवरून नजर हलवली नाही. "मीच ठेवला तिच्यापुढे. घरभर पुरणाचा वास, आणि ती कुंपणावरून बघत बसलेली. मला नाही बघवलं. तो वाटा कुणाचाच नव्हता, तीही कुणाची नव्हती."

मला बायकोचं इतकं कौतुक वाटलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला ते सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "ते राहू द्या. बाहेर रतिलालभाऊ सहीसाठी थांबलेत, मी येते देऊन." आणि ती गेली. मी शर्टांचा निरोप घेत बसलो.

रजिस्टर माझ्या हाती आलं ते चार दिवसांनी. नोंद क्रमांक बेचाळीस. रतिलालभाऊंनी ती आबांच्या यादीवरून जशीच्या तशी उतरवली होती. आबांनी चष्म्याविना काट मारली होती ती पहिल्या पंडितवर. त्यामुळे रजिस्टरात आता असं आहे: कुटुंबप्रमुख, बोदवड बोरसे. त्यापुढचा रकाना पाळीवचा. तो मोकळा ठेवता येत नाही (नियम बारा), आणि यादीत या पत्त्यावर राहणारं दुसरं एकच नाव होतं, अनुक्रमांक सतराचं. म्हणून: पाळीव, पंडित, नग एक. खाली 'वाचून बघितलं, बरोबर आहे' असा शेरा आणि नूतनची सही.

मी तडक रतिलालभाऊंकडे गेलो.

"दुरुस्ती होईल की," ते म्हणाले. "अर्ज करा. फक्त त्यावर कुटुंबप्रमुखाची सही लागेल. नियम सोळा. तुमचंच अक्षर आहे."

तेव्हापासून मी अर्ज घेऊन बोदवडच्या मागे फिरतो आहे. ती माझ्या शर्टांवरून उठते, अर्ज हुंगते, दोन मिनिटं थांबते आणि निघून जाते. नूतन म्हणते, एवढी घाई कशाला करताय, नोंद पाळीवमध्ये झाली हेच नशीब समजा. भटक्यांत धरलं असतं, तर सोमवारी टेम्पो दारातच उभा होता.